उमाबाईचं अंथरूण

कुणाच्याही घरात शिरली की उमाबाई आधी पाळण्याकडे बघायची, मग माणसांकडे.

झोपलेल्या लेकराजवळून जाताना कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरायची. वाजू नये म्हणून.

मशीनवर बसण्याआधी चाकाला विभूतीचं बोट लावायची, मग तेच बोट स्वतःच्या कपाळाला.

सुई हरवली तर सापडेपर्यंत जेवायची नाही. लेकरांच्या कपड्यात राहिली तर, एवढंच म्हणायची.

चहात साखर नको म्हणून प्रत्येक घरी सांगायची. डॉक्टरांनी बंद केली होती. लोक सवयीने घालायचे, ती सवयीने प्यायची.

'मेला' हा शब्द तिने कधी तोंडात घेतला नाही. माणूस असो की शेळी, 'गेली' म्हणायची.

आणि मागच्या थंडीपासून तिला एक नवीच सवय लागली होती. कुणाचंही लेकरू झोपलेलं दिसलं की ती त्याच्या नाकाखाली बोटाचं पेर धरायची. श्वासाची ऊब लागली की हात काढून घ्यायची. बायका हसायच्या. उमाक्का, अशानं लेकराला नजर लागंल, म्हणायच्या. एरवी कुठल्याही थट्टेला हसणारी उमाबाई त्या वेळी हसायची नाही.

आता ती गेली. तिच्या दाराला कुलूप आहे, आणि तरी सातवा महिना लागलेल्या लेकीची आई सवयीने येऊन कडी वाजवते, मग आठवण झाली की पदर सावरत परत जाते.

चाकूरच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. नवरा शंकरप्पा शेटकार, कापडाचा दुकानदार. शंकरप्पा गेले, दुकान विकलं, मुलगा दयानंद लातूरला नोकरीला लागला. अव्वा, तिकडं चल, म्हणून त्याने पुष्कळ विनवलं. उमाबाई हलली नाही. मागच्या दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि दुकानातल्या सुती तुकड्यांची गाठोडी एवढंच तिच्याकडे उरलं होतं. त्यातून तिने जे उभं केलं त्याला सगळं चाकूर 'उमाबाईचं अंथरूण' म्हणायचं.

बाळंतविड्यात लेकराला द्यायचा हा बिछाना. सावरीच्या कापसाची गादी, इतकी मऊ की हात ठेवला तर मनगट बुडायचं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली उशी. पाळण्याच्या लाकडी गजांचा मार लागू नये म्हणून दोन बाजूंना दोन छोटे लोड. वर दुपटं आणि कुंची. लोडांच्या टोकांना ती कापडाची फुलं शिवायची. लाल, नाहीतर पिवळी. शिरूर अनंतपाळला, उदगीरला, पार मुदखेडला दिलेल्या लेकींची लेकरं त्यात झोपली. लग्नात एखादा नवरदेव वाकून पाया पडला की ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि चारचौघांत म्हणायची, "बघा, कसं गोल हाय. माझ्या उशीचं हाय ते." मुंडावळ्यांखाली नवरदेव लाजून लाल व्हायचा.

समोरच्या घरात शांतम्मा. माणिकप्पा स्वामींची बायको. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गल्लीत आल्या. एकीच्या चुलीवरचं कालवण दुसरीच्या ताटात जायचं. शांतम्मा तोंडाची मोठी फटकळ. उमाबाईच्या शिवणकामाला नावं ठेवायचा हक्क तिने फक्त स्वतःकडे ठेवला होता. दुसऱ्या कुणी ठेवली तर त्या बाईचं काही खरं नसे.

शांतम्माला एकच लेक, शिवांगी. शिरूर अनंतपाळला दिलेली. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगा झाला. उमाबाईने जन्मात शिवलं नव्हतं असं अंथरूण त्याच्यासाठी शिवलं. पिवळी फुलं लावली. पौषाची थंडी होती, म्हणून लोडांत हाताने दाबून दाबून जास्तीचा कापूस भरला. शांतम्मा म्हणाली, लेकरू हाय का नवाब हाय गं? आणि दोघी हसल्या.

नाव ठेवून थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ. शिवांगीने लेकराला पाजलं, पाळण्यात ठेवलं, आणि शेकाच्या उबेने तिचा डोळा लागला. शांतम्माच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. सगळ्यांत आधी उमाबाई पोचली. लेकरू शांत झोपल्यासारखं दिसत होतं. दोन्ही लोड दोन बाजूंना जागच्या जागी होते.

डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास थांबला. म्हाताऱ्या म्हणाल्या, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. शिवांगीच्या सासरची माणसं आली ती म्हणाली, आई झोपली. झोपेच्या गुंगीत पाजलं, दूध छातीत गेलं. त्यांना कुणी उलटून बोललं नाही. शिवांगी मान खाली घालून ऐकत राहिली. तिला ते पटलं होतं.

शांतम्माने अंथरूण धुतलं, वाळवलं आणि पेटीत ठेवलं. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

मागच्या थंडीत लातूरला दयानंदची बायको दामिनी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. हातात मावेल एवढी. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. आईजवळ ठेवायला काढली त्या दिवशी उमाबाई चाकूरहून एसटीने गेली. मांडीवर गाठोडं. नातीचं अंथरूण. लाल फुलं.

दवाखान्याच्या छोट्या कठड्याच्या खाटेवर तिने ते स्वतःच्या हाताने मांडलं. गादी, उशी, इकडे लोड, तिकडे लोड. मध्ये नात. मग दामिनीसाठी चहा आणायला खाली गेली. वर आली तेव्हा सगळं अंथरूण एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून खुर्चीवर ठेवलेलं होतं. आणि नात पातळ, टणक गादीवर उताणी. उशी नाही, लोड नाही. पाटावर ठेवलेल्या मूर्तीसारखी.

उमाबाई तापली. दामिनी हळूच म्हणाली, आई, सिस्टरनी काढलं. उमाबाई तशीच सिस्टरकडे गेली. ती नांदेडकडची पोरगी होती, रात्रपाळी करून दिवसपाळीत अडकलेली. शेजारच्या खाटेवरची सलाईनची नळी ठीक करता करता तिने सांगितलं. आवाजात राग नव्हता. रोज दहा आज्यांना सांगत असावी. लेकराला उताणंच झोपवायचं. सपाट, टणक जागेवर. जवळ उशी, लोड, जाड पांघरूण, काही ठेवायचं नाही. आईच्या जवळ, पण वेगळ्या अंथरुणावर. एवढ्याशा जिवाला मऊ वस्तूतून तोंड बाजूला काढायची ताकद नसते.

उमाबाई म्हणाली, रडंल की. आपल्याला कळंल की.

सिस्टरने पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. "आवाज होत न्हाई, आजी. तेच तर वाईट हाय."

उमाबाईने मग विचारलं, उताणं ठेवलं आन् दूध वर आलं तर? तरी उताणंच, सिस्टर म्हणाली. चांगल्या लेकराला तसं काही होत नाही. भीती दुधाची नाही, उशीची आहे.

"दुधानं न्हाई होत?" उमाबाईने पुन्हा विचारलं. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली होती.

दामिनी सांगते, त्यानंतर आई खुर्चीवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. चहा निवला. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही न्हाई, कापूस मोजून राहिले.

चाकूरला परतल्यावर ती मशीनवर बसली नाही. मशीनवर चादर टाकली.

पण काम थांबवणं तिच्या हातात नव्हतं. लोक येत होते. गुंडप्पा तेल्याच्या सुनेला सातवा लागला होता. उमाबाई म्हणाली, डोळ्यांनी दिसत नाही. दुसऱ्या घराला सांगितलं, यंदा सावरीचा कापूस चांगला नाही. तिसऱ्या घराला हात दुखतो म्हणून सांगितलं. ती बाई लगेच तेल घेऊन आली आणि हात चोळत बसली. उमाबाईला तो हात सोडवून घेता येईना.

एकदा तिने धीर करून पातळ, टणक गादी शिवली. सोबत काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली. "उमाक्का, ही गादी हाय का पापड?" लेकराची आजी म्हणाली. उमाबाई म्हणाली, आजकाल डॉक्टर लोक असंच सांगतात. आजीबाई हसली. तुमच्याच अंथरुणात आमची तिन्ही वाढली की, तवा कुठं होते तुमचे डॉक्टर?

यावर उत्तर होतं. ते समोरच्या घरात, पेटीत, घडी घालून ठेवलेलं होतं. एका घरात ते सांगितलं असतं तर दिवा लागेपर्यंत शांतम्माच्या दारात पोचलं असतं. शांतम्माने तीन वर्षं सटवाईला शिव्या देऊन मन घट्ट केलं होतं. तिला आता काय सांगायचं? की सटवाई नव्हती गं. माझा लोड होता. मीच शिवला. मीच दाबून भरला.

सांगितलं तर मैत्रीण जाणार. न सांगितलं तर कुणाच्या तरी पाळण्यात, कुठल्या तरी दुपारी, आवाज न होता. उमाबाई दोन खोल्यांत फिरायची. दारात यायची, समोरचं दार उघडं दिसलं की आत वळायची. जिथे उभ्या आयुष्याची ऊठबस होती, त्या उंबऱ्याकडे तिला बघवेना. गल्लीत लेकरू दिसलं की तेवढं बोट त्याच्या नाकाखाली धरायची.

माघात शिवांगी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. शांतम्मा त्याच संध्याकाळी उमाबाईकडे. नेहमीसारखीच दारातून बोलत आत आली.

"उमाक्का, माप घ्यायला नको. पाळणा तोच हाय. कधी देतीस?"

उमाबाई म्हणाली, डोळे गेले गं माझे. सुईत दोरा जात न्हाई.

शांतम्माने मशीनवरची चादर बाजूला केली, सुई काढली, दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली. "घे. गेला दोरा. आता काय?"

उमाबाईने सुई उशाखालच्या कापडात खोचली आणि म्हणाली, बघते. मग रोज बघते, बघते चाललं. शांतम्माही रोज विचारायची. विचारताना तिचा आवाज जरा जास्तच मोठा असायचा. उमाबाईला तेव्हा ते जाणवलं नाही.

शिवांगीला मुलगी झाली. पाळणा टांगला, पण पोरीला त्यात कुणी ठेवलं नाही. शिवांगी तिला खाली ठेवूच देईना. दिवसरात्र मांडीवर. भिंतीला टेकून बसायची, मान लटकली की दचकून जागी व्हायची, पोरीचं तोंड बघायची. डोळ्यांवर पाणी मारायची. माणिकप्पा म्हणाले, मी घेऊन बसतो, तू पड. तिने दिली नाही. झोपले की जातं, म्हणाली.

एका सकाळी शांतम्मा उंबऱ्यात उभी राहून उमाबाईला म्हणाली, "जाऊ दे उमाक्का. नको डोळे फोडू. जुनं हाय की पेटीत. ऊन दाखवलं की झालं."

ती हसत बोलली आणि गेली. उमाबाई जिथे होती तिथेच खाली बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं, ते तिला वासाने कळलं.

त्या दुपारी शांतम्माच्या मागच्या अंगणात चिंचा फोडायचं काम चाललं होतं. शिवांगी आणि माणिकप्पा पोरीला लस द्यायला दवाखान्यात गेले होते. उमाबाई न बोलावता जाऊन बसली. बराच वेळ नुसते चिंचोके वेगळे करत राहिली. बोटं चिकट झाली. शांतम्मा कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती. मध्येच उमाबाई म्हणाली,

"शांते, ते अंथरूण पेटीतनं काढू नको."

"कामून?"

मग तिने सगळं सांगितलं. लातूर, प्लास्टिकची पिशवी, सिस्टर. मान वर न करता. एक एक चिंचोका काढत. शेवटी म्हणाली, "लोडात जास्तीचा कापूस मीच घातला. थंडी हाय म्हणून. तुझं लेकरू माझ्या हातानं गेलं."

शांतम्माच्या हातात चिंच फोडायचा दगड होता. तो तिने हळूच खाली ठेवला. फरशीवर ठेवताना आवाज येऊ दिला नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

उमाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"त्याच्या तोंडावरनं लोड मीच काढला, उमाक्का. जागेवर ठेवला. मंग वरडले."

अंगणात ऊन होतं. चिंचेच्या फोलपटांवर माशा बसल्या होत्या. शांतम्मा बोलत राहिली, आणि तिच्या बोलण्यात तो फटकळपणा कुठेच नव्हता. तुझं दार समोर. तूच पहिली येणार, हे मला ठाऊक होतं. ती पिवळी फुलं त्याच्या तोंडावर बघितली असतीस तर तू जगली नसतीस. एक गेलंच होतं, दुसरं कामून घालवू? म्हणून ठेवला जागेवर.

"मंग परत शिवायला कामून सांगितलंस?"

"न्हाई सांगितलं असतं तर तुला कळलं नसतं का? घरची पोरगी बाळंत होऊन राहिली आन् शांतम्मा उमाक्काच्या दारात न्हाई. तू इचार करत बसली असतीस. तू शिवून दिलं असतंस, मी पेटीत ठेवलं असतं. जुनं काढते म्हणले ते तुझ्या डोक्याचा ताप जावा म्हणून. ते काय मी घालणार होते का?"

उमाबाईला हसू आलं. ते तिचं तिलाच कळेना. मग दोघी एकमेकींकडे न बघता रडल्या. चिंचेच्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून दंडांनी पुसले. तीन वर्षं एकीने दुसरीला जपलं होतं. दुसरीनेही थंडीपासून तेच चालवलं होतं. तेवढ्या वेळात दोघींचे हात मोकळे झाल्यासारखे वाटले.

मग उमाबाई म्हणाली, "आन् शिवांगी?"

शांतम्मा फोलपटं गोळा करायला लागली.

"तिला काय वाटतं, शांते?"

"दुधानं गेलं वाटतं. आपण झोपलो म्हणून गेलं वाटतं."

"आन् तू ते वाटू दिलंस."

शांतम्माने मान वर केली. तिच्या तोंडावर राग होता, पण तो उमाबाईवर नव्हता. "तिच्या सासूनं माझ्या घरात बसून माझ्या लेकीला म्हणलं, तू खाल्लंस लेकरू. मी तिथंच उभी होते. बोलले असते तर तुझं नाव आलं असतं. न्हाई बोलले तर तिचं. मी काय करणार होते, सांग की."

उमाबाई उठली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. म्हणाली, माझं नाव येऊ दे. आजच सांगू. शांतम्मा म्हणाली, मला एकटीला जमायचं न्हाई. तिच्या डोळ्यांकडे बघून माझं तोंड उघडत न्हाई. तू बोल, मी बसते. उमाबाई म्हणाली, मी बोलते.

शिवांगी आली. पोरगी खांद्यावर. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. आली तशी भिंतीला टेकून बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. पोरगी झोपलेली. शिवांगीची मान लटकली आणि पोरीवर झुकली. उमाबाईने तिला खांद्याला धरून सरळ केलं. सिस्टर हेही बोलली होती, की बसल्या बसल्या झोप लागली तर मांडीवरचं लेकरू दबतं.

उमाबाईने शांतम्माकडून सतरंजी मागून घेतली. पाळण्यात मापाने घडी घालून बसवली. वर धुतलेलं सुती कापड ताणून चारी बाजूंनी खाली खोचलं. मूठ दाबून बघितली. कुठे खड्डा पडला नाही. पाळण्याच्या बाजूला हात घालून फट बघितली. मग पोरीला घ्यायला हात पुढे केले.

"मावशी, उशी?"

"नको."

"बाजूला तरी कायतरी ठेव."

"काहीच नको. बघ, किती जागा हाय तिला."

"दूध वर आलं तर?"

"उताणीच ठेवायची. दुधानं काही होत न्हाई, बाई."

शेवटचं वाक्य ती जरा थांबून बोलली. शिवांगी तिच्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच तिने पोरीला हातातून सोडलं. पोरगी उताणी झाली, दोन्ही मुठी कानांशी नेऊन झोपली. छाती वर-खाली होताना लांबूनही दिसत होती. मध्ये काही आड नव्हतं.

उमाबाई म्हणाली, "मी हितं बसते. डोळे उघडे ठेवून. तू पड."

शिवांगी पाळण्याखाली फरशीवरच आडवी झाली. हात वर करून पाळण्याचा गज धरला. शांतम्मा दाराला टेकून उभी होती. उमाबाईने तिच्याकडे बघितलं, पदर आवळला आणि बोलायला सुरुवात केली. "शिवांगी, तुला एक सांगायचं हाय. पहिल्या येळी. त्या दिवशी तू झोपली होतीस म्हणून काही—"

गजावरचा हात घसरून खाली आला. उमाबाईने वाकून बघितलं. शिवांगी झोपली होती. तोंड उघडं, केस गालावर. बाळंत झाल्यापासून ती अशी आडवी झोपलेली कुणी बघितली नव्हती.

शांतम्माने दारातून खूण केली, उठवू का? उमाबाईने नको म्हणून हात हलवला.

ऊन भिंतीवरून सरकत अंगणात गेलं. उमाबाई बसून होती. मध्ये एकदा पोरगी कुरकुरली, तिने पाळण्याला हात लावला आणि परत बसली. मायलेकींचे श्वास तिला वेगवेगळे ऐकू येत होते. दिवा लावायच्या वेळी शिवांगी दचकून उठली आणि आधी पाळण्याकडे धावली. पोरगी जागी होती. छताकडे बघत पाय झाडत होती.

शिवांगी खूप वेळ तिथे उभी राहिली. मग म्हणाली, मावशी, मला झोप लागली. उमाबाई म्हणाली, लागू दे. झोपेनं कुणाचं काही जात न्हाई.

अंगणातून बाहेर पडताना शांतम्माने हळू आवाजात विचारलं, सांगायचं का आता? उमाबाई गुडघे धरून पायरी उतरत होती. "उद्या. आज झोपली ते बरं झालं. उद्या नळाचं पाणी भरलं की येते."

सकाळी नळ आला. उमाबाईची घागर भरून वाहायला लागली. पाणी गल्लीत आलं तेव्हा गुंडप्पाची सून ओरडत आली, मावशी, नळ बंद करा. उमाबाई नळाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. पदर ओला. डोळे अर्धे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच झालं असेल, त्रास झाला नसेल. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच तिला साखरेवरून रागावलं होतं.

लातूरहून दयानंद आणि दामिनी आले. रीतीप्रमाणे तिला बसवलं, विभूती लावली, हार घातले. गल्लीतले जवळजवळ सगळे तरुण खांदा द्यायला होते. त्यातल्या बहुतेकांची डोकी गोल होती. शांतम्मा रडली नाही. ती शेवटपर्यंत पाळण्याच्या खोलीच्या दारात उभी होती.

आता शिवांगीला न्यायला सासरची माणसं येणार आहेत. तीच सासू. पोरगी सतरंजीवर उताणी झोपते, ताजीतवानी असते, वजन भरलं आहे. शिवांगी मात्र परत जागी राहायला लागली. पाळण्याजवळ बसते, गज धरते.

काल दुपारी शांतम्मा उरलेल्या चिंचा घेऊन बसली होती. शिवांगीने पाळण्यावरची नजर न काढता विचारलं, "आई, मावशी त्या दिवशी मला कायतरी सांगून राहिली होती. मधीच माझा डोळा लागला. काय होतं?"

"पोरीला उताणी झोपव म्हणत होती."

"ते आधीच सांगितलं होतं. नंतरचं."

शांतम्माने समोरच्या कुलपाकडे बघितलं. आता नाव आलं तरी ज्याचं यायचं ते माणूस राहिलं नव्हतं. आणि म्हणूनच ते नाव घेणं तिला जास्त अवघड झालं होतं.

"हाव," ती म्हणाली. "नंतरचं."

शिवांगी वाट बघत राहिली. शांतम्माने दगड उचलला, चिंच फरशीवर धरली. तोंड उघडलं. बंद केलं.